साथीचा ताप आणि जीवनसत्त्वांच्या गोळ्या

कुठे नव्या विषाणूची बातमी आली, की घरोघरी २०२० सालचा गोळ्यांचा डबा पुन्हा उघडला जातो, हे गेल्या दोन महिन्यांत या सदराकडे आलेल्या पत्रांवरून स्पष्ट दिसते. सातारा आणि सांगली या दोन्ही जिल्ह्यांतून आलेल्या पत्रांपैकी काही येथे घेतली आहेत. सारख्या आशयाची पत्रे एकत्र केली असून, लिहिणाऱ्यांच्या इच्छेनुसार नावांऐवजी फक्त गाव दिले आहे.

प्रश्न : मी निवृत्त शिक्षक असून माझे वय ६८ आहे. करोनाच्या पहिल्या लाटेपासून आम्ही घरातले पाचही जण व्हिटॅमिन सी, झिंक आणि डी थ्री घेत होतो. आम्हा कोणाला काही झाले नाही. शेजारच्या घरातील दोघांना मात्र दवाखान्यात दाखल करावे लागले. आता पुण्याचा मुलगा पुन्हा तीन महिन्यांचा साठा पाठवतो आहे. आम्ही गोळ्यांमुळेच वाचलो असे समजावे काय, आणि त्या पुन्हा सुरू कराव्यात काय? (विटा)

उत्तर : आपण सर्व जण सुखरूप राहिलात याचा आनंद आहे, परंतु त्याचे श्रेय गोळ्यांना देण्यापूर्वी एकदा शेजाऱ्यांना विचारून पाहावे, अशी माझी सूचना आहे. त्या दोन वर्षांत या गोळ्या न घेणारे घर आपल्या भागात शोधून सापडले नसते. त्यामुळे जे दाखल झाले त्यांच्या उशाशीही हीच पाकिटे असण्याची शक्यता बरीच आहे. मिरजेत त्या काळात मी जे रुग्ण तपासले, त्यांतले बहुतेक जण ‘डॉक्टर, सगळ्या गोळ्या वेळेवर घेतल्या होत्या हो’ असेच सांगत असत.

‘क’ जीवनसत्त्वाचे, म्हणजे व्हिटॅमिन सीचे, प्रतिकारशक्तीतले काम खरे आहे, काल्पनिक नाही. जंतूंना गिळणाऱ्या पांढऱ्या पेशी रक्तातून हे जीवनसत्त्व ओढून घेतात आणि स्वतःच्या आत त्याचे प्रमाण रक्तातल्यापेक्षा कितीतरी पटींनी जास्त ठेवतात. त्वचा आणि श्वसनमार्गाचे अस्तर बांधून ठेवणाऱ्या कोलॅजन या प्रथिनाची घडण त्याच्यावाचून होत नाही. ते अजिबात मिळाले नाही तर काय होते, हे जुन्या दर्यावर्दींनी भोगले आहे. १७४७ मध्ये जेम्स लिंड या ब्रिटिश आरमाराच्या डॉक्टरने स्कर्व्हीने आजारी असलेल्या १२ खलाशांना दोघादोघांच्या जोड्यांत वेगवेगळे उपचार देऊन पाहिले, तेव्हा संत्री आणि लिंबे मिळालेली जोडीच झपाट्याने सुधारली. मात्र लिंबांनी जो चमत्कार केला तो जीवनसत्त्वाची तूट असलेल्या माणसांवर केला, ही गोष्ट पुढच्या दोनशे वर्षांत अनेकांच्या नजरेतून निसटली.

ती निसटण्यात एका थोर माणसाचाही वाटा आहे. दोन नोबेल पारितोषिके मिळवणारे लायनस पॉलिंग यांनी १९७० मध्ये पुस्तक लिहून सर्दीवर मोठ्या मात्रेतल्या ‘क’ जीवनसत्त्वाचा पुरस्कार केला आणि तेव्हापासून ही कल्पना जगभर पसरली. त्यानंतर झालेल्या चाचण्या एकत्र मांडल्या असता हिशेब असा निघतो : रोज गोळी घेणाऱ्या सामान्य माणसांना सर्दी होण्याचे प्रमाण कमी होत नाही, झालेली सर्दी मोठ्यांत सुमारे ८ टक्के आणि मुलांत सुमारे १४ टक्के लवकर आटोपते. म्हणजे सात दिवसांची सर्दी साधारण साडेसहा दिवसांत जाते, आणि तेही आधीपासून रोज गोळी घेत असल्यास. सर्दी सुरू झाल्यावर गोळी घेऊन खात्रीचा उपयोग दिसलेला नाही. अपवाद आहे तो मॅरेथॉन धावपटू, बर्फात घसरत जाणारे खेळाडू आणि कडाक्याच्या थंडीत सराव करणारे सैनिक यांचा. त्यांच्यात सर्दीचे प्रमाण निम्म्यावर आले. साताऱ्यात हिल मॅरेथॉनसाठी धावणारे पुष्कळ आहेत आणि घरोघर सैनिक असलेली अपशिंगे मिलिटरीसारखी गावेही याच जिल्ह्यातली, तेव्हा हा अपवाद येथे नोंदवून ठेवतो. विट्यातील निवृत्त शिक्षकाला तो लागू होणार नाही.

हे झाले साध्या सर्दीचे. करोनाबाबतही शहानिशा झालेली आहे. अमेरिकेत घरीच उपचार घेणाऱ्या २१४ रुग्णांचे, जणू चिठ्ठ्या टाकून, चार गट केले गेले. एका गटाला रोज ८,००० मिलिग्रॅम ‘क’ जीवनसत्त्व, दुसऱ्याला ५० मिलिग्रॅम झिंक, तिसऱ्याला दोन्ही आणि चौथ्याला नेहमीचेच उपचार देण्यात आले. चारही गटांना बरे वाटण्यास लागलेल्या दिवसांत भरवसा ठेवावा असा फरक पडेना, म्हणून ती चाचणी मध्येच थांबवावी लागली. दवाखान्यात दाखल असलेल्यांना शिरेतून मोठी मात्रा देण्याचा प्रयोग अनेक देशांतील अडीच हजारांहून अधिक रुग्णांवर झाला. त्याचा निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला : फायदा नाही, उलट थोडे नुकसानच होत असावे. ‘ताकद येण्यासाठी एक सलाईन लावा’ असा आग्रह धरणाऱ्या नातेवाइकांनी हे वाक्य कृपया दोनदा वाचावे.

याचे कारण शरीराच्या व्यवहारात आहे. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या २०२० च्या शिफारशीप्रमाणे प्रौढ पुरुषाला रोज ८० मिलिग्रॅम आणि स्त्रीला ६५ मिलिग्रॅम ‘क’ जीवनसत्त्व पुरते. दिवसाला दोनशे ते चारशे मिलिग्रॅम पोटात गेले की रक्तातली पातळी जवळपास कमाल होते. वाफा बांधापर्यंत भरल्यावर मोटर चालूच ठेवली तर पाणी उसाला मिळत नाही, बांध ओलांडून ओढ्याला जाते. तसे जास्तीचे ‘क’ जीवनसत्त्व लघवीवाटे निघून जाते, आणि जाता जाता त्याचा काही भाग मुतखडा बनवणाऱ्या ऑक्झलेटमध्ये बदलतो. ज्यांना पूर्वी मुतखडा झालेला आहे किंवा ज्यांची मूत्रपिंडे कमजोर आहेत, त्यांनी म्हणूनच हजार मिलिग्रॅमच्या गोळ्या डॉक्टरांना विचारल्याखेरीज घेऊ नयेत. झिंकचे दुखणे वेगळे आहे. ते महिनोन्महिने जास्त घेतल्यास शरीरातले तांबे कमी होते, त्यातून रक्तक्षय होतो आणि पायांना मुंग्या येऊन चालण्यातला तोल जाऊ शकतो. प्रौढांसाठी दिवसाला ४० मिलिग्रॅम ही वरची मर्यादा मानली जाते, आणि त्या काळात सर्रास खपलेल्या अनेक गोळ्यांत एकट्या गोळीतच ५० मिलिग्रॅम झिंक होते.

तेव्हा मुलाला साठा परत पाठवण्यास सांगावे. त्याचा जीव आपल्यासाठी तुटतो हे खरे. त्या पैशांत त्याने आपल्या दोघांची फ्लूची आणि न्यूमोनियाची लस पाहावी. ६८ व्या वर्षी साथीच्या काळात या लशींचा उपयोग सिद्ध झालेला आहे.

प्रश्न : माझी तासगाव तालुक्यात चार एकर द्राक्षबाग आहे. दिवसभर शेतात असतो, तरीही तपासणीत व्हिटॅमिन डी ११ निघाले. उन्हात राबणाऱ्याला हे कमी कसे? शिवाय डी कमी असणाऱ्यांना करोना जास्त होतो असे वाचले होते, म्हणून काळजी वाटते. (सावळज परिसर)

उत्तर : आपल्या प्रश्नाचा पहिला भाग मला फार आवडला, कारण त्याचे उत्तर आपल्या बागेतच आहे. आपण उन्हात नसता, मांडवाखाली असता. विरळणी, डिपिंग (घड द्रावणात बुडवणे), घड बांधणे ही सर्व कामे पानांच्या दाट छपराखाली होतात. फवारणीच्या वेळी पूर्ण बाह्यांचा सदरा, तोंडाला फडके आणि डोक्याला टोपी असते, आणि तसे असलेच पाहिजे. त्वचेत ‘ड’ जीवनसत्त्व तयार होण्यासाठी उन्हातले जे अतिनील किरण लागतात, ते सकाळी लवकर आणि संध्याकाळी फारच तुटपुंजे असतात. कोवळ्या उन्हात बसावे असे आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या सांगितले जाते. ते सुखावह आहे, पण या कामाला ते पुरत नाही. आपली सावली आपल्या उंचीपेक्षा आखूड पडते, साधारण अकरा ते तीनच्या दरम्यान, तेव्हाचे ऊन उपयोगाचे. सावळ्या त्वचेला त्यात वेळही अधिक द्यावा लागतो. दुपारी भाकरी खायला बसताना हात-पाय उघडे ठेवून वीस मिनिटे मांडवाबाहेर बसलात तरी फरक पडेल. मे महिन्यात अर्थातच तारतम्य ठेवावे, ऊन लागून आडवे होऊ नये.

११ हा आकडा कमीच आहे आणि ती तूट भरून काढावी, मुख्यतः हाडांसाठी आणि स्नायूंसाठी. डॉक्टरांच्या सल्ल्याने आठवड्यातून एकदा ६०,००० युनिट, असे साधारण आठ आठवडे, ही आपल्याकडची रूढ पद्धत आहे.

आता करोनाबद्दल. ‘ड’ कमी असलेले रुग्ण जास्त गंभीर होतात, हे निरीक्षण अनेक देशांतून आले होते आणि ते खोटे नव्हते. फसगत झाली ती त्याचा अर्थ लावण्यात. सांगलीत आयर्विन पुलापाशी पाण्याची पातळी मोजतात. ४० फुटांना इशारा असतो, ४५ फुटांना धोका, आणि आकडा चढू लागला की नदीकाठची घरे आवरायला घेतली जातात. पण तो आकडा खोडून तिथे २५ लिहिल्याने पूर ओसरत नाही. ‘ड’ची पातळी पुष्कळ अंशी अशीच पट्टी आहे. ती वयस्कर माणसांत, लठ्ठ माणसांत, घरातच पडून असणाऱ्यांत, मूत्रपिंडाच्या रुग्णांत कमी असते, आणि नेमक्या याच लोकांना विषाणूचा आजार जड जातो. शिवाय शरीरात दाह पेटला की पातळी आपोआप खाली येते. म्हणजे काही रुग्णांत पातळी कमी झाल्याने आजार वाढला नव्हता, आजार वाढल्यामुळे पातळी कमी झाली होती.

यातले खरे काय ते ठरवण्यासाठी नुसते निरीक्षण पुरत नाही, प्रत्यक्ष देऊन पाहावे लागते. ब्राझीलमध्ये दाखल रुग्णांना एकाच वेळी दोन लाख युनिट देऊन पाहिले. दवाखान्यातला मुक्काम कमी झाला नाही. ब्रिटनमध्ये सहा हजारांहून अधिक लोकांच्या चाचणीत, ज्यांच्यात ‘ड’ कमी निघाले त्यांना सहा महिने रोज देऊन पाहिले. नॉर्वेत सुमारे ३४ हजार लोकांपैकी निम्म्यांना हिवाळाभर कॉड माशाच्या यकृताचे तेल दिले. या दोन्ही चाचण्या २०२२ मध्ये प्रसिद्ध झाल्या आणि दोन्हींत करोनाचे प्रमाण घटले नाही. त्याआधी २०१७ मध्ये २५ चाचण्या एकत्र करून काढलेला एक निष्कर्ष ‘ड’च्या बाजूने होता हे मी लपवणार नाही. त्यातही फायदा मुख्यतः ज्यांची पातळी १० च्याही खाली होती आणि ज्यांनी रोज किंवा आठवड्याला लहान मात्रा घेतल्या त्यांनाच दिसला होता, आणि पुढच्या मोठ्या चाचण्या जमेस धरल्यावर एकूण परिणाम इतका पुसट झाला की संख्याशास्त्राच्या कसोटीवर तो टिकेना. तेव्हा आपण ‘ड’ जरूर घ्यावे, हाडांसाठी घ्यावे. त्याच्या भरवशावर साथीत तासगावच्या बेदाणा सौद्यात बिनधास्त गर्दीत उभे राहू नये.

प्रश्न : माझ्या सासूबाईंना (वय ७२) मधुमेह आहे. कोणीतरी ‘प्रतिकारशक्ती वाढते’ असे सांगितल्यावरून त्या सव्वा महिन्यापासून डी थ्रीचे सॅशे रोज रात्री दुधातून घेत आहेत, हे आम्हाला परवा कळले. त्यांना भूक लागत नाही, सारखी तहान लागते आणि त्या अलीकडे विसरू लागल्या आहेत. आम्हाला वाटले साखर वाढली असेल. काय करावे? (कराड)

उत्तर : हा अंक हाती पडण्याची वाट पाहावी लागू नये म्हणून आपणास संपादकांमार्फत आधीच कळवले आहे; येथे इतरांसाठी लिहितो. सॅशे त्याच दिवशी बंद करावे आणि रक्तातील कॅल्शियम, मूत्रपिंडाचे काम दाखवणारे क्रिएटिनिन व ‘ड’ची पातळी तातडीने तपासून घ्यावी. प्रौढांसाठी रोजची वरची मर्यादा ४,००० युनिट मानली जाते. ६०,००० युनिटचे सॅशे रोज घेणे म्हणजे त्याच्या पंधरापट. हे जीवनसत्त्व ‘क’सारखे लघवीवाटे निघून जात नाही. ते चरबीत साठून राहते, आतड्यातून कॅल्शियम ओढत राहते आणि बंद केल्यावरही त्याचा अंमल कित्येक आठवडे टिकतो. तहान, वारंवार लघवी, मळमळ, बद्धकोष्ठता, गोंधळलेपण ही वाढलेल्या कॅल्शियमची लक्षणे आहेत, आणि मधुमेही माणसात ती साखरेच्या नावावर खपून जातात. माझ्याकडे आलेल्या अशाच एका आजोबांना घरच्यांनी महिनाभर ‘वयोमानाने होते’ म्हणून समजावले होते. तोवर मूत्रपिंडावर परिणाम झालेला होता. सुदैवाने तो बराचसा भरून आला.

येथे दोष केवळ सासूबाईंचा नाही. आठवड्यातून एकदा घ्यायचे औषध देताना ते एकदाच घ्यायचे आहे हे तोंडी सांगून भागत नाही. पाकिटावर वार लिहून द्यावा. औषध दुकानदार बंधूंनीही एवढे मनावर घ्यावे.

प्रश्न : आम्ही घरचे सगळे माळकरी आहोत. अंडी-मांस खात नाही. बी ट्वेल्व्ह कमी असल्याने विषाणूचा आजार लवकर होतो काय? (लोणंद)

उत्तर : तसा पुरावा नाही. पण बी ट्वेल्व्ह कमी असणे ही स्वतंत्र आणि खरी अडचण आहे. हातापायांना मुंग्या, जिभेची आग, रक्तक्षय, स्मृतीवर परिणाम ही तिची फळे साथ असो वा नसो भोगावी लागतात. शाकाहारात हे जीवनसत्त्व दूध, दही, ताक यांतूनच मिळते आणि तेही बेताचे. मधुमेहासाठी मेटफॉर्मिन किंवा पित्तासाठी कायमची गोळी चालू असणाऱ्यांत ते आणखी घटते. एकदा तपासून घ्यावे. कमी निघाल्यास गोळी घेण्यात माळेला बाध येत नाही, कारण औषधातले बी ट्वेल्व्ह जंतूंच्या आंबवणातून तयार केलेले असते.

प्रश्न : मी आशा सेविका आहे. बालकांना सहा-सहा महिन्यांनी ‘अ’ जीवनसत्त्वाचा डोस देतो. गोवराच्या वेळी तो पुन्हा देतात, मग इतर साथींत का देत नाहीत, असे आया विचारतात. एका घरी तर गरोदर बाईलाही द्या म्हणाले. (जत तालुका)

उत्तर : आपला प्रश्न या अंकातला सर्वांत महत्त्वाचा आहे, कारण जीवनसत्त्वाने विषाणूच्या आजारात जीव वाचतो याचे सर्वांत पक्के उदाहरण गोवर हेच आहे. ‘अ’ जीवनसत्त्व डोळ्यांचे, श्वासनलिकेचे आणि आतड्याचे अस्तर ओलसर व अखंड ठेवते. ते कमी झाले की अस्तर कोरडे पडते आणि जंतूंना वाट मोकळी होते. १९२८ मध्येच इंग्लंडमधील संशोधकांनी त्याला संसर्गविरोधी जीवनसत्त्व म्हटले होते. पुढे इंडोनेशियात आल्फ्रेड सॉमर हे डोळ्यांचे डॉक्टर रातांधळेपणाचा अभ्यास करत असताना त्यांना दिसले, की ज्या मुलांचे डोळे कोरडे पडतात ती मुले दगावतातही जास्त. तिथल्या आचे प्रांतात गावोगाव डोस देऊन पाहिले, तेव्हा बालमृत्यू सुमारे एक तृतीयांशाने घटले. हे १९८६ मध्ये प्रसिद्ध झाले. सगळीकडे इतका मोठा फरक पडला असे नाही. उत्तर प्रदेशात सुमारे दहा लाख मुलांवर झालेल्या चाचणीत मृत्यूंमध्ये ठोस घट दिसली नाही. मूळची तूट जिथे मोठी, तिथे डोसचा लाभ मोठा, असा याचा सरळ अर्थ आहे.

गोवर मात्र स्वतःच तूट निर्माण करतो. तो शरीरातला ‘अ’चा साठा झपाट्याने खर्च करतो, अस्तर सोलवटून टाकतो आणि पूर्वी भोगलेल्या आजारांची जी आठवण प्रतिकारशक्तीने जपून ठेवलेली असते तीही बऱ्याच अंशी पुसतो. त्यामुळे गोवर बरा झाल्यावरही मूल कित्येक महिने न्यूमोनियाला आणि जुलाबांना सहज बळी पडते. म्हणून गोवर झालेल्या प्रत्येक बालकाला लागोपाठ दोन दिवस डोस देतात : सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला ५० हजार युनिट, सहा ते अकरा महिन्यांच्या बाळाला एक लाख, आणि वर्षावरील मुलाला दोन लाख. करोना किंवा फ्लू असे करत नाही, म्हणून तिथे हा डोस नसतो. आपला नियमित कार्यक्रम, म्हणजे नवव्या महिन्याला एक लाख आणि नंतर दर सहा महिन्यांनी दोन लाख, असे पाच वर्षांपर्यंत नऊ डोस, एवढा पुरेसा आहे. नोंदवही पाहिल्याशिवाय ‘राहिला असेल’ म्हणून मध्येच कोणालाही देऊ नये.

गरोदर बाईला हा डोस कधीही देऊ नये. पहिल्या महिन्यांत ‘अ’ जास्त झाल्यास बाळात व्यंग येऊ शकते. गरोदरपणी रोज १०,००० युनिटच्या वर जाऊ नये असा दंडक आहे. आणि आयांना हेही सांगावे की डोस लसीची जागा घेत नाही. २०२५ मध्ये अमेरिकेत टेक्सास राज्यात गोवराची साथ आली, तेव्हा काही घरांतून लसीऐवजी मुलांना ‘अ’ जीवनसत्त्वच भरपूर पाजले गेले आणि त्यातल्या काहींच्या यकृतावर परिणाम झाल्याचे दवाखान्यात उघड झाले. मुले आजारी होती ती होतीच, वर हे. गोवर-रुबेलाचे दोन डोस, पहिला नऊ महिने पूर्ण झाल्यावर आणि दुसरा सोळा ते चोवीस महिन्यांत, हीच खरी राखण. जतच्या विखुरलेल्या वाड्या-वस्त्यांवर ती पोचवण्यासाठी आपण किती पायपीट करता, याची मला कल्पना आहे.

प्रश्न : आम्ही सांगलीचे, हळदीच्या व्यापारातले. हळदीत जीवनसत्त्व असते काय आणि तिच्या कॅप्सूल घ्याव्यात काय? (सांगली)

उत्तर : हळदीची ओळख जीवनसत्त्वासाठी नाही, तिच्यातले कर्क्युमिन हे रंगद्रव्य प्रसिद्ध आहे, आणि ते आतड्यातून फारच थोडे शोषले जाते. रात्री हळद-दूध प्यावे, घसा शेकतो आणि झोप लागते. त्याने विषाणू मरत नाही. मिरीचा अर्क मिसळून शोषण वाढवलेल्या कॅप्सूलमुळे यकृताला इजा झालेले रुग्ण जगात नोंदले गेले आहेत. मालाची तारीफ आपण करावीच, सांगलीच्या हळदीला भौगोलिक मानांकनही आहे. कॅप्सूलची मात्र करू नये.

प्रश्न : माझ्या आजोबांच्या तोंडून मानमोडीच्या साथीच्या गोष्टी ऐकल्या आहेत. त्या काळी लोक घरचे दूध-तूप खात, औषधी गोळ्या नव्हत्या, तरी घरे ओस पडली. मग सकस आहाराने प्रतिकारशक्ती वाढते हे म्हणणे कितपत खरे? (वाई)

उत्तर : १९१८ च्या इन्फ्लुएंझाला आपल्याकडे मानमोडी म्हणत. ती साथ त्या वर्षी जूनमध्ये मुंबई बंदरातून शिरली आणि पावसाळ्याअखेरीस आलेल्या दुसऱ्या लाटेने खेडी उजाड केली. हिंदुस्थानात सव्वा ते दोन कोटी माणसे गेली असावीत असा अंदाज आहे. मात्र दूध-तुपाची आठवण मला थोडी गोड वाटते. त्या वर्षी पावसाने दगा दिला होता, महायुद्धामुळे धान्य महागले होते, आणि घाटावरच्या कोरडवाहू गावांत लोक अर्धपोटी होते. पुरुषांपेक्षा स्त्रिया जास्त दगावल्या. आधीच कमी खाऊन राहणाऱ्या, तापाने फणफणलेल्यांची शुश्रूषा करणाऱ्या त्याच होत्या.

तरीही आपल्या शंकेत तथ्य आहे. जगभर त्या साथीने वीस ते चाळीस वयाची धडधाकट माणसे मोठ्या संख्येने नेली. आपण प्रतिकारशक्ती ‘वाढवणे’ असे सहज म्हणतो, जणू ती तालमीत कमावलेली छाती आहे. पण गंभीर फ्लूमध्ये आणि करोनातही फुप्फुसांची बरीचशी नासाडी शरीराच्या स्वतःच्या बेफाम प्रतिहल्ल्याने होते. म्हणूनच करोनात ज्या रुग्णांना प्राणवायू लागत होता, त्यांचा जीव प्रतिकार आवरणाऱ्या डेक्सामेथासोन या स्वस्त स्टेरॉइडने वाचला. आहार सकस असावा तो प्रतिकारशक्तीला काम करताना साहित्याची चणचण भासू नये म्हणून. नव्या विषाणूची ओळख तिला आहार करून देऊ शकत नाही. ती ओळख आजार करून देतो, नाहीतर लस.

एक योगायोग सांगण्याजोगा आहे. मानमोडीच्या त्याच १९१८ साली निलगिरीतल्या कुन्नूर येथे बेरीबेरी या जीवनसत्त्वाच्या अभावाने होणाऱ्या आजाराच्या तपासासाठी एका खोलीत छोटा विभाग सुरू झाला. त्याचीच पुढे हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था झाली. ‘व्हिटॅमिन’ हा शब्द तेव्हा अवघा सहा वर्षांचा होता. आणि इन्फ्लुएंझाचा विषाणू माणसात सापडायला १९३३ उजाडावे लागले, तोवर डॉक्टर एका जिवाणूलाच गुन्हेगार समजत होते.

प्रश्न : गोळ्या नकोत हे पटले. पण रोजच्या स्वयंपाकात काय आणि कसे करावे, ते नेमके सांगा. महागडी फळे आम्हाला परवडत नाहीत. (कोरेगाव)

उत्तर : महाग फळांची गरजही नाही. ‘क’ जीवनसत्त्वासाठी एक मध्यम पेरू पुरेसा आहे. शंभर ग्रॅम पेरूत दोनशे मिलिग्रॅमच्या आसपास, म्हणजे दोन दिवसांचे, जीवनसत्त्व असते. आवळा त्याच तोडीचा. महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी चांगली, शंभर ग्रॅममागे साठच्या जवळपास, पण पेरूपुढे फिकीच. आपल्या भागाची शान असलेली द्राक्षे आणि बेदाणे या बाबतीत अगदीच कमी पडतात. ती चवीसाठी खावीत. ‘अ’साठी शेवग्याचा पाला, मेथी, राजगिऱ्याची पाने, गाजर, पिकलेली पपई. यांतला ‘अ’चा अंश तेलातुपाशिवाय नीट शोषला जात नाही, म्हणून पालेभाजीला तेलाची फोडणी असू द्यावी. शेवगा दारात असूनही फक्त शेंगा खाऊन पाला शेळीला टाकणारी घरे मी पुष्कळ पाहिली आहेत. शेळी शहाणी म्हणायची. ज्यांना चालते त्यांनी अंडे खावे. बाजरीची भाकरी आणि मटकीची उसळ यांतून झिंक मिळते. मटकीला मोड आणले की त्यातले झिंक अंगी लागण्याचे प्रमाण वाढते.

भाजी चिरून धुऊ नये, धुऊन चिरावी, आणि झाकण ठेवून थोड्या पाण्यात शिजवावी. ‘क’ उष्णतेने आणि हवेने नासते, म्हणून लिंबू उकळत्या वरणात पिळू नये. ताट वाढल्यावर भातावर पिळावे. त्याने पालेभाजीतले लोहही अंगी लागते, मात्र त्यासाठी जेवणावर लगेच चहा घेण्याची सवय तासाभराने पुढे ढकलावी लागेल.